जर्दाळूवरचं औषध

"मॅडम, इतना घूरोगी तो बेचारा यहीं पक जाएगा."

हातातला जर्दाळू मी तसाच उजेडाकडे धरून ठेवला. बोलणारा ट्रकच्या दाराशी उभा होता. उन्हानं रापलेला, बुटांवर डोंगरातली धूळ, आणि चेहऱ्यावर असं हसू की माल द्यायला नाही, कुणाच्या लग्नालाच आलाय! मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, या माणसात काहीतरी गडबड आहे.

तसं मी सगळ्यांबद्दलच ठरवते म्हणा. दुबईतल्या एका सुपरमार्केटच्या वेअरहाऊसमध्ये आलेली फळं पास-नापास करायची ही माझी नोकरी. आई म्हणते, "मिहिके, तू सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खातेस." घेते. त्यात काय?

पण इथे संशयाला कारणही होतं. रास अल खैमाच्या डोंगरातल्या या बागेचे जर्दाळू गेल्या वर्षी आमच्यापर्यंत येईतो लिबलिबीत झाले होते. आणि यंदा? केशरी, टणक, एक डाग नाही. घट्टपणा मोजायचं यंत्र टोचलं तर काटा अगदी हवा तिथे. फक्त देठापाशी पांढरट पावडर होती, बोटाला लागेल न लागेल इतकी.

"ये क्या है?"

"कॅल्शियम, मॅडम. तोड़ने से पहले स्प्रे करते हैं. फल टाइट रहता है, फटता नहीं. धोया तो खलास." मग त्यानं नाव सांगितलं. वेदांग, बागेचा ॲग्रोनॉमिस्ट, म्हणजे शेतीतज्ज्ञ. "चखके देखिए ना..."

"मैं सॅम्पल नहीं खाती."

"तो गिफ्ट समझके?"

"गिफ्ट तो बिलकुल नहीं!"

मी सही केली आणि वळले. फोर्कलिफ्टवाला अजीज मिशीत हसत होता, म्हणून त्याच्याकडेही एकदा डोळे वटारले.

वेदांग मराठी आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ट्रकचं दार बसेना तेव्हा तो "आयला" म्हणाला होता. पण मी काही बोलले नाही. माझ्या बॅजवर आडनाव नाही, आणि माझा नियम पक्का — सप्लायरला आपण मराठी आहोत हे कळू द्यायचं नाही. एकदा "अरे वा, तुम्ही आपल्याच की!" झालं, की पुढच्या खेपेला सडक्या आंब्यांची पेटीपण आपलीच होते.

तो सोमवारी आणि गुरुवारी यायचा. एकदा डोंगरात अचानक पाऊस झाला, तर भिजलेल्या बागेचा व्हिडिओच घेऊन आला. पानांवरून थेंब ओघळतायत आणि हा मागून बडबडतोय, "देखिए, पूरा स्प्रे धुल गया, कल फिर से मारना पड़ेगा." एकदा माझ्यासाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणला. बिनसाखरेचा. मी साखर घेत नाही हे याला कुणी सांगितलं? अजीजनं, दुसरं कोण!

सोमवार सकाळी मी केस जरा नीट बांधायला लागले होते... आणि संशयही तेवढाच वाढत होता. इतकं गोड कुणी फुकट बोलत नाही. हे माझ्यासाठी होतं की माझ्या सहीसाठी?

चौथ्या आठवड्यात उत्तर मिळालं. मी ट्रकच्या या बाजूला खोकी मोजत होते, तो त्या बाजूला फोनवर बोलत होता.

"हो आबा, औषध मारलंय की! तोडायच्या आधी आठ दिवस मारलं... छे हो, तिला काही कळलेलं नाही अजून. आणि सीझन संपेपर्यंत मला कळू द्यायचंही नाही."

औषध! अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये 'औषध मारायला माणूस येणार' म्हणजे काय असतं, मला विचारा. आई भांडी झाकते, ओट्यावर चादर टाकते आणि आम्ही दिवसभर हेमामावशीकडे जाऊन बसतो. आणि या माणसानं ते फळांवर मारलं? लहान मुलं खातात त्या फळांवर, आठ दिवस आधी? मालासोबतच्या फॉर्मवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं — गेल्या चाळीस दिवसांत कोणतंही कीटकनाशक वापरलेलं नाही. आणि वर, तिला कळलेलं नाही म्हणे! म्हणजे तो चहा, तो पाऊस, सगळं त्यासाठीच होतं. मला रडू येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मी दोनशे खोक्यांवर 'होल्ड'चे लाल स्टिकर मारले.

"मॅडम... हुआ क्या?"

"लॅब टेस्ट. तीन दिन."

त्याचं हसू गेलं. मी ते पहिल्यांदाच गेलेलं पाहत होते. "तीन दिन? मॅडम, मालिक ने बोला है, इस साल एक भी लॉट रिजेक्ट हुआ तो बाग बंद. पेड़ निकाल देंगे. मेरा व्हिसा भी..."

"डर लग रहा है?"

"लगेगा ना!"

मनात म्हटलं, सापडला चोर.

त्या तीन दिवसांत मी कोल्ड स्टोअरमध्ये किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. तो खोटा निघावा म्हणजे मी शहाणी ठरेन, असं मला वाटत होतं. आणि तो खरा निघावा म्हणून मी गणपतीला लाडीगोडी लावत होते. कुठल्या तोंडानं, ते त्यालाच ठाऊक.

रिपोर्ट आला. कीटकनाशक शून्य. शेकडो नावांची यादी, प्रत्येकापुढे 'आढळले नाही'. होतं ते फक्त कॅल्शियम.

"फिर होल्ड किसलिए किया था?" माझ्या मॅनेजर फिरदोस मॅडमनी विचारलं.

"गलती मेरी है," मी म्हणाले. नोकरीच्या चार वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. मग तेच लिहूनही दिलं.

वेदांग बाहेर रिकाम्या क्रेटवर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "औषध म्हणून नक्की काय मारलं होतंत तुम्ही?"

तो ताडकन उठला. क्रेट उलटला. "तुम्ही... तुम्ही मराठी?"

"आधी उत्तर."

"कॅल्शियम! पहिल्या दिवसापासून सांगतोय!"

"मग आबांना औषध का म्हणालात?"

"अहो, आम्ही तासगावचे, द्राक्षवाले! आमच्याकडे पंपात पाण्याशिवाय काहीही घातलं की ते औषधच. कॅल्शियम औषध, ताक मारलं तरी औषध..." तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "म्हणजे त्या एका शब्दावरून माझी दोनशे खोकी..."

"आमच्याकडे औषध झुरळांवर मारतात," मी पुटपुटले. "चुकले मी. खरंच चुकले. तुमच्या मालकांना मेल गेलाय. लॉट पास, चूक आमची."

"आणि फळं?" त्यानं अगदी हळू विचारलं. "तीन दिवस..."

"आत्ताच टोचून पाहिली. काटा जराही खाली आलेला नाही."

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उगाचच क्रेट सरळ करत राहिला. मला इतकं वाईट वाटलं की तिथून पळून जावंसं वाटलं. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारल्याशिवाय मी जाते कसली!

"'तिला काही कळलेलं नाही' म्हणालात. काय कळू द्यायचं नव्हतं मला?"

त्याचे कान लाल झाले. "ते... ते औषधाबद्दल नव्हतं."

"मग?"

"आबा विचारत होते... ती मुलगी, जिच्याबद्दल तू दर फोनवर सांगतोस, तिला सांगितलंस का? आता मी कसं सांगणार? माझ्या मालावर सही तुमची. चहा आणला तरी तुम्ही कपात वाकून बघता. तुम्हाला वाटलं असतं, पास करून घ्यायला बोलतोय."

"वाटलंच असतं."

"बघा!"

मी पाठ फिरवली, कारण मला हसू येत होतं. एकेक लाल स्टिकर सोलून काढला. माल सोडायच्या कागदावर सही केली. मग त्याच्या बागेची फाइल उचलून आमच्या दुसऱ्या इन्स्पेक्टरच्या, सुदेशच्या टेबलावर ठेवून आले.

"यापुढे तुमचा माल सुदेश तपासेल. मी नाही."

त्याचा चेहरा पार उतरला. "अजून संशय आहे?"

"आहे ना."

"माझ्यावर?"

"माझ्यावर," मी म्हणाले. "आता तू मऊ पडलेली फळं आणलीस ना... तरी मी पास करीन."