बांधावर हजर

मंगळवार, ८ जुलै. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कतीफ, सौदी अरेबिया. खजुराच्या बागेला लागून असलेल्या एका घराच्या गच्चीवरची खोली. बाहेर शेहेचाळीस अंश ऊन. खोलीत आम्ही दोघीच होतो, मी आणि वागियेम.

एवढं मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. पुढचंही सांगणार आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझी मुलगी सुखदा कतीफच्या एका खासगी हॉस्पिटलात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मी रत्नागिरीच्या एका दैनिकात एकतीस वर्षं महसूल आणि कोर्टाच्या बातम्या सांभाळल्या, आणि निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांसाठी तिच्याकडे आले. सुखदाचा फ्लॅट घरमालकांच्या वरच्या मजल्यावर. वागियेम त्या घरमालकांकडे कामाला होती. जावा बेटावरच्या एका भातशेतीच्या गावातली, पंचेचाळिशीची, बुटकी, कायम घाईत चालणारी. आधी आठ वर्षं ती जेद्द्यात एका हैदराबादी डॉक्टरांकडे होती, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायची. मला अम्मा म्हणायची.

गच्चीवर ती कपडे वाळत घालायला यायची आणि मी चहा घेऊन बसायची. एकदा तिला फोनवर आमच्या गावच्या खाचराचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "अम्मा, तुमचा बांध कोण सांभाळतं?"

जमीन किती, भाव काय, हे तिने विचारलंच नाही. मला ती तिथेच आवडली.

तिचं स्वतःचं अकरा गुंठे खाचर होतं, कालव्याच्या पाण्याचं. शिवाय गावात एक घर, आईबापाच्या झोपडीच्या जागी तिने बांधून घेतलेलं. आई वारली तेव्हापासून ते बंद. परदेशातल्या चौदा वर्षांत ती त्या घरात दोन वेळा राहिली होती. शेत भाऊ कसत होता. भावाचं नाव पार्नो. त्याचं खाचर तिच्या खाचराला लागूनच, आणि दर हंगामाला तो मधला बांध आपल्या बाजूने वीतभर तासून घ्यायचा.

"तुला कसं कळतं?" मी विचारलं.

"जिराह आजी फोनवर दाखवते. तिचं शेत पलीकडे आहे. बांध आधी दोन पाय मावतील एवढा होता. आता एक मावतो."

आणि त्या गावात सरकारी मोजणी लागली होती. एका फेरीत सगळं गाव मोजून प्रत्येकाला दाखला. मोजणीच्या दिवशी मालकाने आपल्या बांधावर उभं राहायचं, शेजाऱ्यांनीही यायचं, आणि सगळे हो म्हणाले की खुंट ठोकायचा. मालक आला नाही तर कसणाऱ्याचं नाव लागणार, असं पार्नो गावभर सांगत फिरत होता. नियम तसा नव्हता. पण नियम आणि बांध यांच्यातलं अंतर मी एकतीस वर्षं पाहत आले आहे.

मोजणीची तारीख होती ८ जुलै. वागियेमचा पासपोर्ट घरमालकांच्या कपाटात. तो तिच्याकडे असायला हवा, असं इथला कायदाच सांगतो.

मी घरमालकीण उम्म फैसलकडे गेले. सोबत सुखदाचा ड्रायव्हर नसरुद्दीन, रत्नागिरीजवळच्या भाट्याचा, वीस वर्षं इथे काढलेला, उत्तम अरबी बोलणारा.

"सांग यांना, हिला दहा दिवस सोडा. नाहीतर पासपोर्ट द्या, मी तिला मुखत्यारपत्र करून देते. आणि दोन्ही नसेल द्यायचं तर कुठल्या कायद्याने, ते लेखी द्या."

"हे असंच सांगू, बाई?"

"असंच सांग."

नसरुद्दीन बराच वेळ गोड आवाजात बोलला. उम्म फैसल हसली आणि तिने माझ्यापुढे खजुराची थाळी सरकवली.

"काय सांगितलंस?"

"तुमचे गुडघे दुखतात म्हटलं. बाई, ही रत्नागिरी नाय. हितं अर्ज देऊन काम होत नाय, चाय पिऊन होतं."

मी तीन वेळा चहा प्यायले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "बाद." म्हणजे नंतर. शाळा उघडू दे, नंतर. सासूबाईंचं ऑपरेशन होऊ दे, नंतर. ती बाई दुष्ट नव्हती. एखाद्याला कुठेतरी उभं राहणं गरजेचं असतं, हे तिला कधी कळावंच लागलं नव्हतं.

सुखदा म्हणाली, "आई, तू व्हिजिट व्हिसावर आहेस. हे तुझं तहसील कार्यालय नाही."

"तिची जमीन जातेय, सुखदा."

"मला कळतंय गं. पण मला इथे राहायचंय."

सात तारखेच्या सकाळी वागियेम कपडे वाळत घालता घालता थांबली. मी पुन्हा खाली भांडायला निघाले होते.

"नको, अम्मा. मी तिला सांगितलंय उभी राहायला."

"कोणाला? जिराह आजीला?"

"घरच्या तिला."

मग ती हळूहळू सांगत गेली. त्यांच्याकडे मूल जन्मलं की त्याच्यामागून पडणारी वार धुऊन, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून घराच्या दाराशी पुरतात. वर दिवा लावतात. वार म्हणजे बाळाबरोबर आलेलं भावंड. माणूस जगात हिंडतो, भावंड दाराशी राहतं. वागियेमच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं, लांब असशील आणि अडशील तर तिला हाक मार.

"याआधी कधी मारली होतीस हाक?"

"कधीच नाही. आई म्हणायची, उगाच नाही मारायची."

जेवताना मी हे सुखदाला सांगितलं. ती हसली. "आमच्याकडे वार पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवतात. एवढी भावंडं जाळली मी…" आणि मग तिला ते हसू आवडलं नसावं. तिने विषय बदलला.

मंगळवारी अकराला तिथे दुपारचे तीन वाजले होते. जिराह आजीने बांधावरून व्हिडिओ कॉल लावला. मी सवयीने माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर चिखलणी झालेलं खाचर, टोप्या घातलेले तीन मोजणीदार, पाच-सहा शेतकरी आणि काखेत लाल रंगाचे खुंट घेऊन उभा असलेला पार्नो. पार्नो खुशीत होता.

वागियेमने फोन भिंतीला टेकवून ठेवला, समोर मांडी घातली आणि डोळे मिटले.

"अगं बोल ना! मालकीण फोनवर आहे म्हणून सांग त्यांना!"

तिने मान हलवली. नाही.

एक मोजणीदार वही उघडून काहीतरी मोठ्याने म्हणाला. पार्नो पुढे झाला.

आणि तिथलं बोलणं थांबलं. सगळ्यांचं, एकदम. फोनमधून फक्त पाटाच्या पाण्याचा आवाज येत राहिला. मग बांधावरच्या सगळ्या माणसांनी एकाच बाजूला माना वळवल्या. घराकडून येणाऱ्या वाटेकडे. त्यांच्या नजरा सरकत सरकत जवळ आल्या, जसं कोणीतरी चालत येत असावं. पार्नोने मागे पाऊल टाकलं आणि तो घोट्यापर्यंत चिखलात गेला.

बांधावर कोणी नव्हतं. मी पडद्याला नाक लावून पाहिलं. पार्नोने सोडलेल्या जागी उन्हातला रिकामा बांध होता.

जिराह आजी काहीतरी बोलून हसली, माहेरवाशीण दारात दिसल्यावर हसतात तशी. मोजणीदाराने प्रश्न विचारला. आणि फोनमधून उत्तर आलं.

तो आवाज वागियेमचा होता.

मी वळून पाहिलं. वागियेम माझ्या शेजारी बसली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी तिचा हात धरला… शेहेचाळीस अंशांत तो हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता. आणि मी आल्यापासून जिथे पावसाचा थेंब पडला नव्हता, तिथे त्या खोलीत चिखलणीचा वास आला. कोकणात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखावा लागत नाही.

मोजणीदाराने वही पुढे केली. हवेत, छातीच्या उंचीवर. थोडा थांबला, मग वही परत घेऊन तिच्यावर शिक्का मारला. लाल खुंट चार वीत मागे, पार्नोच्या बाजूला ठोकला गेला. पार्नोने स्वतःच ठोकला.

कॉल बंद झाला. वागियेमने डोळे उघडले. "किती वाजले, अम्मा? आज इस्त्री राहिली."

संध्याकाळी सुखदाच्या हॉस्पिटलातल्या, जावा बेटावरच्याच एका नर्सने ते रेकॉर्डिंग ऐकून मला भाषांतर लिहून दिलं. मोजणीदाराने विचारलं होतं, "मालक कोण?" आवाज म्हणाला, "हजर आहे." तो म्हणाला, "अगं, तू तर सौदीला होतीस. कधी आलीस?"

आवाज म्हणाला, "मी गेलेच नव्हते."

मी म्हटलं, बनाव आहे. पार्नोने कोणी तोतया बाई उभी केली असणार, आणि फोन मुद्दाम दुसरीकडे वळवायला लावला असणार. पण नसरुद्दीनने गाडी चालवता चालवता विचारलं, "बाई, स्वतःची चार वीत जमीन जाईल असा बनाव कोण करतो?"

मी फोन काढून ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आठवडाभर वागियेम खुशीत होती. दाखल्यावर तिचं नाव लागलं. मग एका सकाळी ती कपड्यांची बादली तशीच ठेवून माझ्यासमोर खाली बसली.

"ती परत जात नाही, अम्मा."

"कोण?"

"मी आजीला फोन केला. म्हटलं, माझ्या घराकडे बघ. आजी म्हणाली, चेष्टा काय करतेस? आत्ताच तर माझ्याकडून मीठ घेऊन गेलीस."

घर उघडं होतं. अंगण रोज झाडलं जात होतं. लावणी झाली होती, आणि पार्नो मुकाट्याने मदतीला येत होता. गावाला नवल वाटलंच नाही, परदेशी गेलेल्या बायका केव्हातरी परततातच. वागियेम रोज फोन करत राहिली. आधी आजी हसायची. मग चिडायला लागली. महिनाअखेर आजी म्हणाली, "कोण आहेस तू? तिचा आवाज काढून मला का छळतेस?" आणि तिने वागियेमचा नंबर ब्लॉक केला.

मी आणखी जोर लावला. बाईला घरी पाठवायचं, प्रत्यक्ष उभी करायची, म्हणजे तोतयाचा निकाल तिथेच लागेल. मी कामगार खात्याकडे तक्रार केली, तिच्या वकिलातीला रोज मेल पाठवले, आणि उम्म फैसलला सांगितलं की आता मी चहा पिणार नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट कपाटातून बाहेर आला. निघताना उम्म फैसल रडली. तिने वागियेमला एक तपकिरी बॅग भरून कपडे दिले.

वागियेमला जायचं नव्हतं.

"मी राहू कुठे, अम्मा? घरात ती आहे."

"ते घर तुझ्या घामाचं आहे!" मी ओरडले.

"हो. पण चौदा वर्षं दाराशी कोण होतं?"

मी ऐकलं नाही. बावीस ऑगस्टला दुपारी मी आणि नसरुद्दीनने तिला दम्मामच्या विमानतळावर सोडलं. "पोचलीस की फोन कर," मी म्हटलं. आत जाताना तिने एकदा वळून पाहिलं. ती मला नमस्कार करेल असं वाटलं होतं. ती नुसतीच बघत होती, मी अजून काही सांगेन म्हणून.

फोन आला नाही.

तीन दिवसांनी मी नर्सकडून जिराह आजीला फोन करवला. आजी मजेत बोलली. हो, वागियेम बरी आहे, भात वर आलाय. नवीन काही नाही. हां, शनिवारी तिन्हीसांजेला एक बाई आली होती. दमलेली, बॅगवाली. बोली आपलीच, पण वळण परकं. वागियेमच्या दारात उभी राहून रडत होती. वागियेमने तिला पाणी दिलं, पायरीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, बाई, तुझं घर चुकलंय. आणि दार लावून घेतलं.

"मग ती बाई कुठे गेली?" नर्सने विचारलं.

"शेताकडे गेली. बांधावर बराच वेळ उभी होती. मग अंधार झाला."

मी दोन्ही देशांच्या कचेऱ्यांना लिहिलं. सौदीतून २२ ऑगस्टला ती बाहेर पडल्याची नोंद आहे. २३ ऑगस्टला तिच्या देशात उतरल्याचा शिक्का आहे. माझ्या तक्रारीवरून स्थानिक पोलीस तिच्या घरी गेले. दार वागियेमने उघडलं. मी सुखरूप आहे, घरीच आहे, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा जबाब तिने लिहून दिला. तक्रार निकाली निघाली. जी व्यक्ती घरी आहे ती हरवलेली असू शकत नाही, असं मला लेखी कळवण्यात आलं आहे.

गावाच्या बस थांब्यावरच्या दुकानात एक तपकिरी बॅग पडून आहे. तिच्यावर दम्माम विमानतळाची चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीवर वागियेमचं नाव. पोलिसांनी ती घरी नेऊन दाखवली. वागियेमने ती उघडून एकेक कपडा पाहिला, पुन्हा नीट घडी घालून आत ठेवला आणि सांगितलं, ही माझी नाही.

ती कोणाची, हे अजून कोणत्याही कचेरीने सांगितलेलं नाही.