कोरे डबे

पिशवीचा तळ फाटला, तो नेमका चढावर.

आधी एक झाकण निसटलं. मग दुसरं. मग काळ्या प्लास्टिकच्या डब्यांचा सगळा संसारच रस्त्यावर आला आणि गोल झाकणं उताराने शाळा सुटल्यासारखी धावत सुटली. ती डोक्याला हात लावून उभी राहिली. घरी दादाने तिचं नाव 'धाकधूक' ठेवलं होतं, ते काही उगीच नव्हे. झाकणावरून कुणी घसरलं तर? स्कूटरवाला पडला तर? कुणी विचारलं, कुणाचा हा कचरा, तर...?

खालून एक तरुण वर येत होता. त्याने एक झाकण पायाने अडवलं, दुसरं हाताने टिपलं, आणि तिसरं थेट गटारात गेलं तर बाह्या सरसावून त्यामागे वाकला.

"अहो, राहू द्या ते—"

"राहू कसं देऊ? आज ना उद्या ते माझ्याकडेच येणार. वर चिखल लावून." झाकण झटकत तो तिच्यासमोर आला. "एवढे डबे घेऊन कुठे निघालात?"

"टाकायला. म्हणजे... टाकायला नाही, द्यायला. कचरागाडी घेत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि वहिनी म्हणते, आज डबे तरी जातील नाहीतर मी."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीने आत गेला, दुसरा जागच्या जागी राहिला. ते तिने पाहिलं आणि उगाचच खाली बघितलं.

"मग चला की." त्याने चढाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एका गाळ्यावर पाटी होती : जे कुणी घेत नाही, ते आम्ही घेतो.

ती, दादा आणि वहिनी, तिघांच्या नोकऱ्यांच्या वेळा तीन तऱ्हेच्या. त्यामुळे जेवण बरेचदा बाहेरून यायचं. जेवण संपायचं, डबे उरायचे. दादा ते खुशाल कचऱ्यात टाकायला निघायचा आणि ही परत काढून धुवायची. हा डबा उद्या कुठल्या माशाच्या पोटात गेला तर, या विचाराने तिला घास जात नसे. शेवटी गॅलरीत डब्यांची अशी चळत लागली की वहिनीला ओले कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

गाळ्यात भिंतीला लागून गोणपाटं होती. एकात टूथपेस्टच्या पिळलेल्या नळ्या, एकात गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकात झिजलेले ब्रश, एकात वेफर्सची आतून चंदेरी पुडकी. मधे लांब टेबल. टेबलावर चक्क केस वाळवायचा ड्रायर.

"तो कशाला?"

"लेबलं काढायला. गरम वारा दिला की डिंक सुटतो. बसा ना."

बसायला काही नव्हतं. कोपऱ्यात जाड चादरीने झाकलेलं एक मोठं खोकं होतं, त्यावर ती टेकली. तो घाईने म्हणाला, "तिथे—" आणि थांबला. "...बसा, बसा. हरकत नाही."

झालं! आपण काही मोडलं की काय? पण तो पाठ फिरवून डबे निवडायला लागला होता.

"काळे डबे कुणीच का घेत नाही हो?"

"निवडणाऱ्या यंत्राला काळा रंग दिसत नाही. डबा त्याच्या डोळ्यांसमोरून जातो आणि यंत्र म्हणतं, इथे काहीच नाही. म्हणून ते हाताने वेचायचे."

"बिचारे."

"तुम्हाला डब्यांची कीव येते?"

"मला सगळ्यांचीच येते. माझं कामच ते आहे." आणि तिने सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती फोनवर बसायची. लिफ्टमधे माणूस अडकला की आतलं बटण दाबतो, आणि पलीकडे हिचा आवाज येतो.

"काय सांगता त्यांना?"

ती सावरून बसली. तिचा आवाज एकदम बदलला, शांत आणि ऊबदार झाला. "घाबरू नका. दार जबरदस्तीने उघडू नका. माणूस निघालेला आहे."

"आणि निघालेला असतो?"

"बहुतेकदा. नसला तरी मी फोन ठेवत नाही. तो पोचेपर्यंत बोलत राहते."

तो बघत राहिला. हातातल्या ड्रायरखाली एक डबा आपला हळूच वाकडा होऊन बसला.

"तुमचा डबा—" ती म्हणाली.

"गेला," तो म्हणाला. पण त्याला त्याचं काही वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही.

दर शनिवारी ती चढ चढू लागली. बुडावरच्या त्रिकोणातला, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा बघून डबा कुठल्या गोणीत टाकायचा ते शिकली. लेबलाचा कोपरा नखाने कसा उचलायचा तेही शिकली, आणि ते शिकवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली तेव्हा दोघांनीही लेबलाबद्दल फार गंभीर चर्चा केली. घरी वहिनीने त्याचं नाव 'झाकणवाला' ठेवलं.

"पाटीवर काय लिहिलंय म्हणालीस? जे कुणी घेत नाही ते घेतात? मग एकदा तुलाच ठेवून येते तिथे," वहिनी म्हणायची. ही लाजेने लालेलाल.

पण गॅलरी रिकामी होत चालली, तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला. डबे संपले की काय सांगून जायचं? तिने ऑफिसात सगळ्यांचे डबे मागून आणले. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून गोळ्यांची पाकिटं आणली. काकूंना बरं वाटू लागलं, तर हिला वाईट वाटलं आणि मग वाईट वाटल्याचं आणखी वाईट वाटलं!

एका शनिवारी घरात देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तेव्हा ती बाजारात गेली आणि डब्यांची एक कोरी चळत विकत घेऊन आली. वापरलेले वाटावेत म्हणून धुतलेसुद्धा.

त्याने डबा हातात घेतला, झाकणाची कड अंगठ्याने दाबून पाहिली. ते डबे मात्र गोणीत गेले नाहीत, आतल्या मांडणीवर गेले. का? तिची रात्रीची झोप उडाली. तरी पुढच्या शनिवारी ती पुन्हा कोरे डबे घेऊन हजर! त्याला भेटायचं दुसरं निमित्तच तिला सुचत नव्हतं.

ती आपल्या नेहमीच्या खोक्यावर बसली, मांडीवर पिशवी. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीची दोन माणसं आली. आपली कंपनी वापरलेले डबे इथे देते हे दाखवायला डब्यांचा ढीग टेबलावर ठेवून फोटो काढू लागली. त्याने एक डबा उचलला, आत निरखून पाहिलं आणि खाली ठेवला.

"यात जेवण कधी पडलंच नाही. घेऊन जा."

"अहो, फोटोपुरतंच—"

"फोटोपुरता नवा कचरा करायचा? इथे बसून आम्ही दिवसभर एकेक झाकण घासतो ते याचसाठी? घेऊन जा म्हटलं ना."

त्याचा असा चढलेला आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती माणसं गेली. तिने मांडीवरची पिशवी ओढणीखाली सरकवली.

"तुमच्या पिशवीत काय आज?" तो वळून म्हणाला. आवाज पुन्हा मऊ.

"हे? हे... वेगळंच आहे. मी निघते. मला काम आठवलं."

"अहो, पण—"

ती उतार कधी उतरली तिचं तिलाच कळलं नाही.

पुढच्या शनिवारी ती गेलीच नाही. फोनवर लोकांना शांत राहा म्हणताना तिचंच वाक्य अर्धवट राहायचं. आता तोंड कसं दाखवायचं? ज्या गोष्टीची त्याला चीड, नेमकी तीच आपण केली. आणि त्याला ते ठाऊक होतं. नक्कीच ठाऊक होतं.

शेवटी वहिनीने पलंगाखालची पिशवी ओढून काढली आणि तिला बोलतं केलं. सगळं ऐकून वहिनी पोट धरधरून हसली.

"कचरा कमी करायला गेलीस आणि कचरा विकत घेऊन आलीस?"

"हसू नकोस ना गं वहिनी. तो आता माझं तोंडही बघणार नाही."

वहिनीने डोळे पुसले. "काय म्हणाला तो? जेवण कधी पडलं नाही? मग घाल जेवण! डब्याचं ते एवढंच तर म्हणणं आहे."

तिने स्वतः भात केला, बटाट्याची भाजी केली. भाजी तळाला जरा लागली. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. गरम डबा पदराखाली धरावा तसा ओढणीत धरून ती चढ चढली, तेव्हा पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती.

तो दारातच होता. तिला पाहून चटकन उभा राहिला.

"मी... तुम्हाला खरं सांगायला आले." तिने डबा पुढे केला. शब्द एकमेकांवर आदळू लागले. "ते डबे कोरे होते. मागचेही. मी विकत आणत होते. घरातले संपले होते आणि... नाही आणले तर इथे यायचं कसं? तुम्ही रागावा हवं तर, पण मला रोज शनिवारच असावा असं वाटतं, आणि—"

तिचा श्वासच अडकला. पुढचं काही केल्या तोंडातून फुटेना.

तो एक पाऊल जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "घाबरू नका. दार जबरदस्तीने उघडू नका. माणूस निघालेला आहे."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यातच हसूही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "झाकण एकदाही बसवलेलं नव्हतं. म्हणून मांडणीवर ठेवले. खिळे, सेल, सुटे बल्ब, सगळं तुमच्याच डब्यांत आहे. टाकायचा जीव होईना. त्या दिवशी ओरडलो ते त्यांच्यावर... आणि तुम्ही उठून गेलात तेव्हा म्हटलं, संपलं सगळं."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"मी कुठल्या तोंडाने रागावणार?" तो कोपऱ्यात गेला आणि खोक्यावरची चादर ओढली. खाली एक चकचकीत निळी पेटी होती. वर डबे टाकायला फट, बाजूला रंगवलेला पत्ता. तिच्याच इमारतीचा.

"ही तुमच्या फाटकाशी बसवायची होती. तुम्ही भेटलात, त्याच्या आदल्या दिवशी तयार झाली. मग तुम्ही त्याच इमारतीत राहता हे कळलं आणि बसवायचं मनच होईना. बसवली असती तर तुम्हाला हा चढ चढायची गरजच उरली नसती."

"मी... इतके दिवस हिच्यावर बसत होते?"

"पहिल्याच दिवशी बसलात. मग कुठल्या जिवावर उठवू?" त्याचे कान लाल झाले होते. "सगळ्या इमारतीची गैरसोय केली मी. तुमच्यासाठी. म्हणजे, माझ्यासाठी."

मग त्याने डबा उघडला आणि भाजीचा मोठा घास घेतला. थोडा वेळ थांबला.

"खारट आहे ना?" ती घाबरून म्हणाली.

"खूप," तो म्हणाला आणि दुसरा घास घेतला. डबा अगदी स्वच्छ केल्यावर दोघांनी मिळून तो घासला.

रविवारी त्यांनी पेटी फाटकाशी बसवली. वहिनी गॅलरीतून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून बघत होती.

आणि पुढच्या शनिवारी ती चढ चढली, तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. इतके मोकळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"काय आणलंस?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच एकेरी.

"काही नाही."

"बरं झालं."

कोपऱ्यात, पेटीच्या जागी, एक खुर्ची होती. खुर्चीवर घरी शिवलेली जाडसर उशी. ती टेकली तर उशी मोठ्यांदा कुरकुरली. ती दचकून उठली.

"वेफर्सची पुडकी भरलीत आत, कातरून. ती तर कुणीच घेत नाही," तो हसू दाबत म्हणाला. "तू चुळबुळ केलीस की मला पाठ वळवूनही कळेल. लगेच येईन."

ती पुन्हा बसली. तो लेबलं काढायला लागला, मधेच वळून बघायचा, आणि ती त्याच्या एकाच गालावरच्या खळीची वाट बघत असायची. तिन्हीसांज झाली. दिवा लागला. उशी पुन्हा एकदाही वाजली नाही.