बरबटीची बरणी

"हिनंच मारलं माह्या बायकोले! अगुदर बेडी घाला, मंग इचारा काय इचाराचं ते."

किसनराव ओसरीवरूनच ओरडले. सून सुरभी पोलिसांच्या जीपमधून उतरत होती. तिच्या ओढणीवर सासूची उलटी वाळली होती.

हवालदार शीला राठोड तडक स्वयंपाकघरात शिरली. ओसरीवर थांबली असती तर तोंडून शिवीच निघाली असती.

दुपारी बाकीच्यांच्या आधी उसळ खाऊन विमलताई कोसळल्या होत्या. उलट्या, मग झटके. मुलगा रजत आणि सुरभी त्यांना दारव्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. किसनराव घरीच थांबले. डॉक्टरांनी शीलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "विषाचं नाव आणा. नावाशिवाय मी अंदाजानं इलाज करतोय. अंदाज चुकला तर बाई जाईल."

वरचा कप्पा.

स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत. सारख्या पारदर्शक बरण्या, प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, गोल अक्षर. साखर. तूर डाळ. जवस. मसूर. चवळी.

"हे सारं तूनं लावलं?" शीलानं सुरभीला विचारलं.

"हो, दिवाळीत."

"कायले?"

"आधी इथे पिठाच्या डब्याला टेकून बेण्याचं पोतं असायचं, मॅडम. मी म्हटलं, खायचं ते घरात, पेरायचं ते गोठ्यात. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

"कायले बोलू?" किसनराव दारातून कडाडले. "बेणं म्हंजे लक्ष्मी! माह्या मायनं उतरंडीत ठेवलं, आजीनं ठेवलं. ही सांगलीहून आली अन् लक्ष्मी ढोराइजवळ नेऊन टाकली!"

"काका, तुमची लक्ष्मी दवाखान्यात पडून हाय. हळू बोला."

शीलाचा आवाजही हळू नव्हता.

मधला कप्पा. मसाले. सुंठ. शीलानं एकेका चिठ्ठीवरून बोट फिरवलं. बोट चिकटत होतं. फोडणीचं तेल, हळद, वाफ. कागद पिवळे पडले होते.

खालचा कप्पा.

"हे पाहा!" किसनराव वाकले आणि एक बरणी पुढे ओढली. तळाशी लाल दाणे उरले होते. "याच्यातलीच उसळ केली विमलनं. चिठ्ठी कोनाची हाय ते पाहा!"

चिठ्ठीवर लिहिलं होतं: बरबटी.

सुरभी खाली बसली. "अक्षर माझ्यासारखं आहे. पण ही माझी नाही. ही बरणी मी रिकामी ठेवली होती."

"खोटारडी!"

"तुम्ही उसळ खाल्ली, काका?"

"नाही. मी वावरातून आलो तं ते पडेल होती."

"मंग याच बरणीतली केली, हे तुमाले कोनं सांगतलं?"

किसनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "अंदाज."

"दवाखान्यात काहून नाही गेले?"

"घर कोनाच्या भरवशावर सोडू?"

"विमलताईले लिहिता-वाचता येते?"

"तिले अक्षर येत नाही. डोळ्यानं पाहूनच घेते." हे बोलून त्यांनी जीभ चावली. जणू एक शब्द जास्त झाला.

फोन वाजला. रजत होता. "मॅडम, आईले पुन्हा झटका आला. डॉक्टर इचारून राह्यले, नाव भेटलं का?"

"भेटते," शीला म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून ओट्यावर आपटला.

तिनं दोन पांढऱ्या बशा घेतल्या. एकीत वरच्या 'चवळी'तले दाणे, दुसरीत खालच्या 'बरबटी'तले. दोन्ही दाणे तेच, लाल. दोन्हींत पाणी ओतलं.

पहिल्या बशीतलं पाणी स्वच्छ. दुसऱ्या बशीत दाण्याभोवती गुलाबी धागे सुटू लागले.

"आता ऐका, काका. रजत, तूही ऐक. चवळी अन् बरबटी एकच. सांगलीची पोरगी चवळी लिहिते, आपन बरबटी म्हनतो. एकाच दाण्याले एकच बाई दोन नावं कायले देईन? साऱ्या चिठ्ठ्या तेलकट, हे एकच नवीकोरी. म्हंजे आजची. आज ताई पडल्यावर घरात मांगं कोन राह्यलं?"

किसनराव दाराकडे सरकले.

"बेणं गोठ्यात गेलं ते तुमाले झोंबलं. म्हनून कीड लागू नाही म्हनून इखारी औषध अन् रंग लावेल बेणं चोरून आनलं अन् रिकाम्या बरणीत भरलं. सुनेची जिरवाले! वरचा कप्पा ताईच्या हाताले येत नाही. त्याहीले खाली बरबटी दिसली. लाल दाणा शिजला का पाणी लालच होते, त्याहीले काय संशय येईन? इथवर चूक. पन पुढं?"

ती त्यांच्या अगदी तोंडाजवळ गेली.

"बायको तडफडून राह्यली, अन् तुम्ही सुनेवर आळ घ्याले चिठ्ठी लिहीत बसले! अक्षर गोल काढत बसले! डॉक्टर नाव मांगते, ते नाव तुमच्या तोंडात, अन् तुम्ही..."

तिनं ती बरणीच त्यांच्या छातीशी धरली.

फोनमधून रजतचा आवाज आला, फुटलेला. "बाबा? बाबा, खरं हाय का हे? औषधाची पुडी कुठी हाय?"

"वळचणीले," किसनराव म्हणाले. "गोठ्याच्या वळचणीले खोसेल हाय."

सुरभी धावली. रिकामी पुडी घेऊन आली आणि नाव मोठ्यानं वाचलं. पलीकडे रजतनं ते डॉक्टरांना ओरडून सांगितलं. पुन्हा एकदा. अक्षर अक्षर सोडून.

जीप ठाण्याच्या फाटकात शिरत होती तेव्हा रजतचा फोन आला. पुढच्या सीटवर शीलाशेजारी जबाब द्यायला आलेली सुरभी होती, मागे दोन शिपायांच्या मधे किसनराव. सुरभीनं ऐकलं, डोळे मिटले, उघडले.

"झटके थांबलेत. आई बोलल्या."

"काय म्हने?" किसनरावांनी विचारलं. "माह्यावर चिडली?"

सुरभी मागे वळली. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"विचारत होत्या, त्याहीनं तं उसळ नाही खाल्ली ना?"

किसनरावांनी तोंडावर उपरणं घेतलं.

"काढा ते," शीला म्हणाली. "उतरा खाली."