तीन नकारांचं खरं कारण

अमडापूरला एसटीतून उतरून समता गावाकडे निघाली, तेव्हा रस्त्यालगतच्या विहिरीच्या कठड्यावर तिला दोन पाय दिसले. फक्त पाय. बाकीचा माणूस आत वाकलेला. अशा वेळी शहाण्या माणसालाही शहाणपण सुचत नाही. ती धावत गेली आणि तिने दोन्ही घोटे घट्ट धरून ठेवले.

"सोडा ना बाई," विहिरीतून आवाज आला. "एकोणीस हात झालते. आता पुन्हा पयल्यापासून मोजा लागन."

तिने पाय सोडले. वर आला तो तिशीच्या आतला, उन्हाने रापलेला, कानावर पेन्सिल अडकवलेला तरुण. हातात गाठी मारलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला दगड. आता हा चिडणार असं समताला वाटलं, पण तो तिच्याकडे नुसता बघत राहिला – अवघड गणिताकडे बघावं तसा.

"एक विचारू? माणूस पडताना दिसला त तुमी पाय काऊन धरले? हात काऊन नाही?"

"हात आत होते."

"हाव... बरोबर हाये," तो म्हणाला. त्याने हे इतक्या गंभीरपणे मान्य केलं, की समताला हसू आवरेना. मग कामाची आठवण होऊन तिने विचारलं, की गावात प्रसेनजित अवसरमोल कुठे राहतात?

दोरी गुंडाळणारे हात थांबले. "काय काम होतं त्याच्याकडे?"

समोर दोरी होती, विहीर होती, आणि खरं सांगण्याची सोय नव्हती. "विहिरींच्या पाण्याची माहिती हवी होती," समताने जमेल तितक्या सहज थाप मारली.

"मंग मीच तो," त्याने सांगितलं, आणि आपली थाप आपल्याच अंगावर आली, हे समताला कळलं.

कारण ती आली होती ती त्याचीच चौकशी करायला. समता हिवाळे बुलढाण्याची. इतिहासात एम.ए. झालेली, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन दमलेली, आणि आता पुण्याच्या एका वेबसाइटसाठी काम करणारी. 'विचारून बघा' असं त्या वेबसाइटचं नाव. लोक पैसे भरून प्रश्न विचारत आणि गावोगावचे संशोधक उत्तरं शोधून देत. कॅनडातल्या कुणाला चिखलीच्या शाळेतला वड अजून उभा आहे का ते हवं असे, तर नागपूरच्या कुणाला आजोबांच्या सातबाऱ्यावरचं नाव. विचारणारा कोण ते उत्तर मान्य होईपर्यंत संशोधकाला कळत नसे. उत्तराला मात्र तीन माणसांची साक्ष लागे.

समताला हे काम मनापासून आवडायचं. लहानपणी "लई प्रश्न विचारते ही" म्हणून तिने बोलणी खाल्ली होती, आणि आता त्याच खोडीवर घर चालत होतं.

या वेळचा प्रश्न मात्र वेगळाच होता. 'अमडापूरच्या प्रसेनजित अवसरमोल याला तीन स्थळांनी नकार दिला. कुणीच खरं कारण सांगत नाही. खरं कारण काय? उत्तर गोड करून देऊ नये.'

चौथ्या मुलीचा बाप सावध आहे, असं समताने ताडलं. आपल्याकडे सोयरिकीआधी चौकशी होतेच. पूर्वी त्यासाठी मामा-मावसे जात, आता इंटरनेटवरून समता.

प्रसेनजितने तिची थाप खरी मानली, निदान तसं दाखवलं, आणि तिला वही दाखवली. गावोगाव मोटारी दुरुस्त करायला जाताना तो प्रत्येक विहिरीचं पाणी मोजून लिहून ठेवायचा. सहा वर्षांच्या नोंदी. कशासाठी, असं तिने विचारलं.

"कोनाले माईत नाई म्हणून," तो म्हणाला. "पाणी दरसाली कुठं जाते, हे कोनाले तरी माईत पायजे ना?"

समता त्या वहीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग ती कामाला लागली. किराणा दुकानातल्या अन्नपूर्णाबाईंनी तेलाची पिशवी बांधता बांधता सांगितलं, की पोरगा सोन्यासारखा आहे, दारूचा थेंब नाही, पण डोकं जरासं... आणि त्यांनी हाताने हवेत भोवरा फिरवला. तिन्ही ठिकाणी मुलगी पाहायला सोबत गेलेले त्याचे काका इंद्रभान तर कपाळावर हात मारून घेत होते. "पोरीच्या घरी जाऊन चूप बसा, पोहे खा, चहा प्या. पण हा चूप बसन त शप्पथ. काय विचारलं ते नका विचारू."

तेच तर तिला विचारायचं होतं. पण पहिलं स्थळ बीबी गावचं होतं, सुवर्णा नावाची मुलगी, एवढंच सांगून काका उठले.

दोन साक्षी झाल्या होत्या. तिसरीसाठी सरळ बीबी गाठायचं होतं. पण समता पुढच्या आठवड्यात पुन्हा अमडापूरलाच उतरली. का, ते तिने स्वतःलाही धड सांगितलं नाही.

प्रसेनजित चार एकरांच्या तुकड्यावर हरभऱ्यात उभा होता. पानांवर आंब, म्हणजे दहिवरासारखा आंबट ओलावा, आली होती; चालताना तिच्या ओढणीचं टोक ओलसर झालं. त्याने घाट्यांनी लगडलेलं एक झाड उपटून तिच्या हातात दिलं. हिरवे दाणे सोलून खाताना बोटं आंबट झाली आणि तिने ती नकळत ओठांना लावली. तो बघत होता. तिने बघितलं तसं त्याने घाईघाईने आभाळाकडे पाहिलं.

"विहीर तिकडे आहे," समता म्हणाली.

"हाव... मले माईत हाये."

"मग आभाळात काय मोजता?"

"मोजून नाई राह्यलो. लपून राह्यलो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. नंतर तासभर दोघं बांधावर बसून होती. हरभऱ्यालाच आंब का येते, मुंग्यांना पाऊस आधी कसा कळतो, अमडापूरच्या मातीचा रंग ओढ्यापलीकडे का बदलतो... तिला उत्तर येत नसलेला प्रश्न त्याने विचारला की तिला राग यायचा, आणि त्यालाही ते येत नाही असं कळलं की आनंद व्हायचा. असा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. परतीच्या एसटीत ही गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती खिडकीबाहेर बघत खुळ्यासारखी हसली. मग आठवलं, की आपण याचं लग्न दुसरीशी जुळवायला निघालोय. हसू तिथेच संपलं.

बीबीची सुवर्णा दवाखान्यात नर्स होती. जेवणाच्या सुट्टीत तिने समताला बाकावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाला म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचार. रीतीप्रमाणे मुलीला विचारायचं – शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. या पठ्ठ्याने तिच्या बाबांना विचारलं, तुमचा बोअर किती फूट? पाणी किती इंच? उन्हाळ्यात टिकते का? एवढ्यावर न थांबता खिशातून वही काढून त्याने ते लिहूनही घेतलं.

"आमी दोघी बहिणी, भाऊ नाई," सुवर्णा म्हणाली. "बाबांले वाटलं, याचा डोळा वावरावर हाये. 'हुंडा नको म्हणते अन् बोअर मोजते,' असं म्हणाले. मंग हेच पुढच्या दोघांच्या घरी पोचलं. त्यांनीही त्याले बोलू दिलं अन् त्यानं पुन्हा तेच विचारलं."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

सुवर्णाने डबा बंद केला. "मले कोनी विचारलंच नाई," ती म्हणाली. "तुमीच पयल्या."

उत्तर मिळालं होतं. एका साध्या माणसाच्या कुतूहलाला लोकांनी हाव ठरवलं होतं. हे एवढं लिहिलं, की चौथ्या मुलीचा बाप निर्धास्त होणार आणि वैशाखात अमडापूरला मांडव पडणार. समता लॅपटॉप उघडून बसली, आणि तिच्या मनात पाप आलं. तिने लिहिलं, 'मुलाचा स्वभाव विक्षिप्त आहे.' खोटं नव्हतं. अन्नपूर्णाबाईंची साक्ष होती, काकांची होती. एवढ्या एका ओळीवर चौथं स्थळही गेलं असतं, आणि प्रसेनजितला कारण कधीच कळलं नसतं.

ती त्या ओळीकडे बघत बसली. चहा निवला. अर्धवट साक्षींनी या माणसाचं तीनदा वाटोळं झालं होतं, आणि चौथ्यांदा ते आपण करायचं? ज्याच्यावर जीव जडला त्याचंच? तिला स्वतःची लाज वाटली. तिने ओळ पुसली आणि सगळं लिहिलं – वही, सहा वर्षं, बोअर, सुवर्णाच्या बाबांचा गैरसमज. शेवटी लिहिलं, 'मुलगा निर्लोभी आहे. मुलगी द्यायला हरकत नाही.' ते लिहिताना डोळे भरून आले, आणि ते तिने भरू दिले.

फॉर्मच्या तळाशी नेहमीचा रकाना होता, की या उत्तरात संशोधकाचं स्वतःचं काही गुंतलेलं आहे का? शेकडो वेळा तिने न वाचता 'नाही'वर बोट ठेवलं होतं. आज बोट अडलं. तिने 'हो' निवडलं. लगेच खाली चौकट उघडली, 'असल्यास काय?'

तिने लिहिलं, 'मला हा माणूस आवडतो. म्हणून वरची माहिती दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी.'

आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइटचा निरोप आला. ग्राहकाला उत्तर मान्य होतं. उत्तर मान्य झालं की ग्राहकाचं नाव दिसे, तसं ते दिसलं – प्रसेनजित अवसरमोल.

समताने फोन पालथा ठेवला. चौथी मुलगी नव्हती, तिचा बापही नव्हता. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यानेच ते वाचलं होतं, खालच्या चौकटीसकट. लाज, राग आणि आणखी काहीतरी, सगळं एकदमच आलं. त्याचे दोन फोन येऊन गेले, तिने उचलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो बुलढाण्याला आला. बांधावरच्या गप्पांत तिने सांगितलेल्या तिच्या नेहमीच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर, इस्त्रीचा शर्ट घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा उभा होता. घाटावरचं गार वारं सुटलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं मी कोण ते," समता म्हणाली.

"पयल्याच दिवशी. तुमी दुकानातून निंघाल्या न निंघाल्या त अन्नपूर्णाबाईनं निरोप धाडला, तुही चौकशी होऊन राह्यली म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमी खरं लिवलं नसतं." त्याने शर्टाची बाही उगाच सारखी केली. "मले खरंच माईत नव्हतं हो. तीन घरांनी नाई म्हटलं... मले वाटलं, माह्यातच काई खोट असन. तुमचं उत्तर वाचलं अन्... लई वर्सांनी नीट झोप लागली."

तिचा राग कुठे गेला, ते तिला कळलं नाही. त्याच्याकडे न बघता तिने पायरीवरचं पान उचललं.

"तुमी समद्या दुनियेचे प्रश्न सोडवता," तो म्हणाला. "आता एक तुमचा विचारा. मी उत्तर देतो, फुकट."

पान समताच्या बोटांत फिरलं, थांबलं.

"चौथ्या नकाराची भीती वाटते का?"

त्याने मान खाली घातली. "लई."

"मग नका भिऊ," समता म्हणाली.