चिल्ल्याचा तह

"हसायचं नाही हं!" लिफ्टचं दार उघडता उघडता यतीन कुजबुजला.

आत राजाभाऊ उभे होते. दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर मफलर.

"काका," लुंबिनीने साळसूद चेहऱ्याने विचारलं, "तुम्हाला शाळेत चिल्ल्याचा तह होता का हो? सरदार मुळोजींनी केलेला?"

"होता म्हणजे काय! सातवीच्या पुस्तकात, चित्रासकट!" राजाभाऊ खूश झाले. "मुळोजी घोड्यावर, हातात भाला. अजून डोळ्यांपुढे आहे."

राजाभाऊ तळमजल्यावर उतरले, आणि यतीन पोट धरून खालीच बसला. "चित्रासकट!" त्याच्या बहिणीला, रेवतीला, हसू आवरेना.

कारण चिल्ल्याचा तह कधी झालाच नव्हता!

थंडीची सुट्टी होती. धुक्यामुळे खेळायला जाता येईना, म्हणून तिघं घरातच लिंबू-मीठ लावलेला मुळा खात बसली होती. 'आमच्या वेळी इतिहास कसा तोंडपाठ असायचा' हे मोठ्यांचं वाक्य ऐकून ऐकून कान किटले होते. "घेऊ या का त्यांची परीक्षा?" लुंबिनी म्हणाली. मुळ्यावरून मुळोजी झाला, शेजारच्या चिल्ला गावावरून तह झाला.

शेजारच्या मयुराकाकू म्हणाल्या, "दोन मार्कांना यायचा." लुंबिनीचे बाबा म्हणाले, "छे, पाच मार्कांना! कारणे द्या!" 'माहीत नाही' असं मात्र कुणीच म्हटलं नाही.

रात्री जेवताना बाबांनीच तो विषय काढला. आजोबांचा घास हातातच थांबला.

बाबुराव आजोबा नागपूरला शाळेत इतिहास शिकवायचे. आजी गेल्यावर ते दिल्लीला आले. रविवारी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाणार होती, आणि लढाईची हकीकत आजोबाच सांगणार होते.

"चिल्ल्याचा तह? असा तह झालाच नाही," ते म्हणाले.

"बाबा, आम्हाला धडा होता! राजाभाऊंनाही आठवतो." मग बाबांचा आवाज खाली आला. "परवा तुम्ही गॅसही चालूच ठेवला होता."

आजोबांनी घास परत ताटात ठेवला.

आत्ता बोलायला हवं, लुंबिनीला वाटलं. पण बाबा किती चिडतील! ती मान खाली घालून भात कालवत राहिली.

सकाळी उठून पाहते तर आजोबा भिंग घेऊन तिचंच इतिहासाचं पुस्तक वाचत होते. एकेका ओळीवरून बोट फिरवत, पान उलटून पुन्हा मागे येत.

"बेटा, मुळोजी कुठल्या पानावर आहे गं? मला सापडत नाहीये."

"तो... आमच्या पुस्तकात नाहीये," असं पुटपुटून ती पळाली.

संध्याकाळी बाबा फोनवर बोलत होते, "राजाभाऊ, रविवारी तुम्हीच सांगा. बाबांना हल्ली विसरायला होतंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

आता मात्र तिला राहवेना. "बाबा, तो तह खोटा आहे! आम्ही बनवला!"

बाबांनी तिच्या केसांतून हात फिरवला. "आजोबांची बाजू सावरतेस? गुणी पोर माझी! पण त्यासाठी खोटं नको बोलूस. मी स्वतः परीक्षेत उत्तर लिहिलंय त्याचं."

चापट मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"यार, हे तर भलतंच झालं!" सगळं ऐकून यतीन म्हणाला. "खरं सांगितलं तरी खोटं!"

"आपलं ऐकत नाहीत ना?" रेवती म्हणाली. "मग त्यांचं त्यांनाच ऐकवू या!"

रविवारी बस निघाली तेव्हा धुक्यात पुढची गाडीसुद्धा दिसत नव्हती. आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांना घरी एकटं ठेवायला नको, म्हणून बाबांनी सोबत आणलं होतं.

वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाऊन सगळे परत बसमध्ये चढले. रेवतीने सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. "प्रश्नमंजुषा! मुळोजींनी चिल्ल्याचा तह कोणाशी केला? शेजाऱ्याचं बघायचं नाही!"

भराभरा पेनं चालली. यतीनने चिठ्ठ्या गोळा करून राजाभाऊंच्या हातात दिल्या, सोबत माईकही.

"अब्दालीशी," राजाभाऊंनी खणखणीत वाचलं. "इंग्रजांशी... अं? जाटांशी... निजामाशी?" त्यांचा आवाज बसत गेला. "पोर्तुगीजांशी! हे कुणी लिहिलंय?"

बसमध्ये कुणीच हात वर करेना. बाबा चष्मा पुसू लागले.

लुंबिनी उठली. "कुणाशीच नाही. मुळोजी नव्हताच. आम्ही मुळा खात होतो, त्यावरून नाव ठेवलं. तुम्ही सगळे हो म्हणालात. फक्त आजोबा खरं बोलले, आणि आपण त्यांनाच..."

"पण मग ते चित्र?" राजाभाऊंनी विचारलं.

"ते तुम्हीच काढलंत, काका!" रेवती म्हणाली.

आधी मयुराकाकू हसल्या, मग सगळी बस. बाबा मात्र हसले नाहीत. ते आजोबांच्या सीटपाशी गेले. "बाबा, चुकलो मी."

आजोबांनी मान हलवली आणि लुंबिनीला जवळ बोलावलं. "मला वाटलं, आता एकेक सगळंच जाणार. आज मुळोजी आठवत नाही, उद्या तुझं नाव आठवणार नाही."

"आजोबा, माफ करा मला!" ती त्यांच्या शालीत तोंड लपवून रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं.

"शाब्बास, पोरांनो! आमचं पितळ चांगलंच उघडं पाडलंत!" राजाभाऊ म्हणाले. टाळ्या वाजल्या. लुंबिनीला त्या नकोशा झाल्या.

काला अंबला पोहोचेपर्यंत कोवळं ऊन पडलं होतं. स्मारकासमोर राजाभाऊंनी सर्वांदेखत आजोबांच्या हातात माईक दिला. "सर, तुम्हीच सांगा."

आजोबा सांगू लागले. उपाशी फौज, संक्रांतीची सकाळ, समोर पसरलेली अब्दालीची सेना. सगळे पुतळ्यासारखे ऐकत होते. "त्याआधी मराठ्यांनी यमुनेकाठचा एक किल्ला घेतला होता. त्याचं नाव..."

ते थांबले. लुंबिनीला वाटलं, हे आपल्यामुळेच तर नाही?

राजाभाऊंनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "मलाही आठवत नाही, सर."

"मलाही नाही," बाबा म्हणाले.

"मग असू दे," आजोबा हसले. "आठवलं की सांगतो."

आणि ते पुढे सांगू लागले. परतीच्या वाटेवर सगळे पेंगत होते, तेवढ्यात खिडकीजवळून आरोळी आली, "कुंजपुरा!"

ड्रायव्हरने दचकून ब्रेकच मारला!