नखभर कमी

विमानांचे मार्ग आखण्यात तिचा हात धरणारं त्या कचेरीत कोणी नव्हतं, आणि चिडण्यातही नव्हतं. कॉम्प्युटरने दोन शहरांमधलं अंतर सांगितलं तरी ती टेबलावरच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघायचीच. प्रत्येक मार्गाचा दोरा वेगळा, दोन्ही टोकांना गाठी. तिच्या पहिल्या साहेबांनी लावलेली सवय. नवी मंडळी गालातल्या गालात हसायची.

"हसा लेको," ती म्हणायची. "मशीन चुकलं की माझ्याच पाया पडायला येता."

वडील धाकट्या भावाकडे राहायचे, समुद्रापलीकडच्या शहरात. त्या मार्गाचा दोरा लाल. बाबा दर फोनवर एकच विचारायचे, "किती वेळ लागतो गं यायला?"

"साडेआठ तास, बाबा."

"एवढंच ना? मग ये की!"

येते, म्हणायची. पण कामातून डोकं वर निघेल तर शपथ.

एका दुपारी लाल दोरा नखभर कमी पडला. आटला असेल म्हणून तिने कॉम्प्युटरच्या आकड्याबरहुकूम नवा कापला. तोही कमी. पुढच्या आठवड्यात बोटभर कमी. बाकीचे सगळे दोरे चोख बसत होते. वैमानिकही कुरकुरू लागले, "मॅडम, तुमचं गणित बघा जरा. त्या एकाच मार्गावर उशीर होतोय, इंधन संपत येतंय."

"समोरून वारा असेल," ती फणकारली. वारा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी ती दोरा घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणाले, "शहराला काय पाय फुटले का, बाई?" सगळी कचेरी हसली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, बाबांचं काही खरं नाही. तुझंच नाव घेतायत. आजच निघ."

विमानात समोरच्या पडद्यावर एक तास उरल्याचं दिसलं आणि आकडा तिथेच थबकला. ती जेवली, पेंगली, जागी झाली. एकच तास. खिडकीखाली समुद्र सरकत होता.

"अहो, अजून किती?"

"आलंच, मॅडम," हवाईसुंदरी म्हणाली. मघाशीही हेच म्हणाली होती, त्याच्या आधीही. तिला किंचाळावंसं वाटलं. सगळं आयुष्य अंतरं मोजण्यात गेलं, आणि हे एक अंतर तिला जुमानत नव्हतं.

पोचली एकदाची. इस्पितळाच्या खोलीत भाऊ बाबांचा हात धरून बसला होता.

"बघा बाबा, ताई आली."

तिचे डोळे भरून आले. वेळेत आले, तेवढं पुरे. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून तिने बाबांच्या मोकळ्या हाताकडे हात नेला.

नखभर कमी पडला.

प्रवासाचा शीण, दुसरं काय. तिने स्टूल पुढे सरकवलं. गुडघे पलंगाच्या दांडीला टेकले. पुन्हा हात नेला.

नखभर कमी.

"धर ना हात," भाऊ म्हणाला. "समोर तर आहे."

ती वाकली. बोटांना चादर लागली. चादर संपत नव्हती.

बाबांनी डोळे उघडले. ती बसली होती तिकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी भावाला हळूच विचारलं,

"अजून किती वेळ लागेल रे तिला?"