एक टाचणी कमी

“अगं बाई! मगर सोलून आणलीत की काय?”

हातातली साडीची घडी अर्धवट सोडून धनश्रीनं विचारलं. पर्वत पाटियाजवळच्या त्या साडी-पॅकिंगच्या खात्यात यायचे ते टेम्पोवाले नाहीतर दलाल. आणि हा उंच, सावळा गडी आला होता रिक्षाभर काळं रबर घेऊन!

“मगर नाही हो, पाणबुड्याचा सूट आहे,” तो हसला. “मी योगराज. हजिऱ्याच्या बंदरात जेटीचे खांब तपासायला पाण्यात उतरतो. सोमवारी लक्षद्वीपला चाललोय, तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला. सिलिंडर तिथं मिळतं, बाकी सगळं आपलं न्यायचं. बॅगेत काही मावेना. कोणी तरी म्हणालं, घडी घालावी तर इथल्या पोरींनीच.”

“त्या कोणी तरीनं तुम्हाला लोणी लावायलाही शिकवलेलं दिसतंय.” धनश्रीनं सूट चिमटीत उचलून पाहिला. “एवढा पातळ?”

“तिथलं पाणी कोमट असतं ना.”

“म्हणजे आंघोळीला चाललात म्हणा की... तीही कंपनीच्या खर्चानं!”

सगळ्या पोरी फिसकन हसल्या. खात्याच्या मुकादम सरलाबाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, की सगळ्या माना पुन्हा साड्यांत. योगराज मात्र हलला नाही. पायात घालायचे रबरी पंख, काचेचा चष्मा, श्वासाची नळी, एकेक वस्तू टेबलावर मांडत गेला. शेवटी एक नारिंगी जॅकेट त्यानं अगदी जपून ठेवलं.

“यात हवा भरली की माणूस वर येतो,” तो म्हणाला. “खाली सगळं बिनसलं ना, तरी माझा वर यायचा रस्ता हाच.”

ते वाक्य धनश्रीच्या मनात रुतून बसलं.

तिनं त्याच दिवशी सगळं बांधून दिलं असतं हो. पण हा बाबा शुक्रवारी परत आला, म्हणे मोजे राहिले. शनिवारी आला, म्हणे चाकू राहिला. प्रेमात पडलेल्या माणसाला विसरायला शिकवावं लागत नाही! प्रत्येक वेळी घडी मोडायची, पुन्हा घालायची. ती घडी घालायची आणि तो तिच्या बोटांकडे बघत बसायचा.

“चार वर्षं पाण्यात काढली,” शनिवारी तो सांगत होता, “पण हजिऱ्याच्या गाळात स्वतःचा हात दिसत नाही. मासा पाहिला तो फक्त ताटात. तिथं म्हणे तळ दिसतो. निळे मासे, पिवळे मासे...”

“मग तिथंच राहाल.” धनश्री पटकन बोलून गेली आणि तिचे कान तापले.

“राहू?” त्यानं हळूच विचारलं.

“मला काय त्याचं? राहा नाहीतर—” तिनं उगाच एक सरळ घडी मोडली आणि परत घातली.

सोमवार उजाडला. धनश्रीनं सकाळीच शेवटची घडी घालून बॅग बंद केली. बाटलीतलं पाणी तोंडावर मारल्यासारखा घाम, डोक्यावर ऊन, आणि दारात रिक्षा उभी. दुपारी दोनची गाडी. “जातो” म्हणायला त्यानं तोंड उघडलं तशी धनश्री फिसकारली, “येतो म्हणा, येतो!” तो म्हणाला, “येतो.” आणि गेला.

आता या खात्याचा एक नियम होता. घडी बसेपर्यंत तिला टाचणी लावायची आणि पिशवीत घालायच्या आधी काढून घ्यायची. मागे एका नवरीला नेसताना टाचणी बोचली आणि साडीवर रक्त पडलं, तेव्हापासून सरलाबाई जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येकीच्या छोट्या टाचणी-उशीवरच्या टाचण्या मोजायच्या. दहाच्या दहा लागायच्या.

धनश्रीच्या उशीवर नऊ भरल्या.

तिनं टेबलाखाली शोधलं, पदर झटकला. सकाळपासून एकच बंडल केलं होतं, तेही तपासलं. आणि मग तिला आठवलं... शेवटची घडी जॅकेटची. हाताला सवयच तशी पडलेली, कडा दुमडली की टाचणी! डोक्यात त्या वेळी भलतंच चाललं होतं.

हवेच्या जॅकेटमध्ये टाचणी! त्याचा वर यायचा रस्ता तिनंच आपल्या हातानं बंद केला होता. आणि फोन करावा, तर नंबर विचारलाच नव्हता.

“बाई, मी आले!” डबा तसाच टाकून ती रस्त्यावर धावली आणि दिसेल त्या रिक्षात चढली. “पळवा, स्टेशनला!” रिक्षावाला म्हणाला, “बेन, धीमे, धीमे!” पण ती कसली ऐकतेय? लिंबायतच्या फाटकाला दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत तिचा सप्तशृंगीला नारळ बोलून झाला, खणही बोलून झाला.

स्टेशनवर गाडी लागलेली होती. ती डब्याडब्याच्या खिडकीत डोकावत गेली, आणि सातव्या डब्याच्या दारात तो चहा पीत उभा!

“उघडा!” तिला दम लागला होता. “बॅग उघडा... जॅकेट... टाचणी...”

त्याला काहीच कळलं नाही, पण त्यानं बॅग फलाटावर उतरवून उघडली. धनश्री गुडघ्यांवर बसली. तिनं घडी उलगडली. टाचणी होती. कमरेच्या जाड पट्ट्यात, आरपार. हवेच्या पिशवीपासून चार बोटं लांब.

“भरा,” ती म्हणाली. “तोंडानं भरा. मला बघायचंय.”

त्यानं गाल फुगवून हवा भरली. नारिंगी जॅकेट टम्म झालं, हमाल बघत उभे राहिले. धनश्रीनं जॅकेटला कान लावला. एक मिनिट, दोन मिनिटं... कुठं फुसदेखील नाही. मग मात्र तिला रडूच फुटलं. सुटले गं बाई! केवढं ओझं उतरलं!

“अहो, पाण्यात उतरण्याआधी आम्ही हवा भरून तपासतोच,” तो हळूच म्हणाला.

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही माझ्यासाठी एवढ्या धावत आलात... बघत राहावंसं वाटलं.”

तिनं जॅकेटवर एक धपाटा घातला. शिट्टी झाली. त्यानं घाईनं सामान आत ढकललं आणि दारात उभा राहिला. टाचणी त्याच्या बोटांत होती. आजवरचं शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलं.

“माले तू भलती आवडस, धनश्री,” तो घरच्या अहिराणीत म्हणाला. “ही टाचणी मनापाशी राहू दे. तीन आठवड्यानी परत देसू. चालई का?”

गाडी हलली. ती बरोबर चालू लागली.

“टाचणी काय, बाजारात ढिगानं मिळते!” ती ओरडली. “तू ये!”

खात्यात परतली तर सरलाबाई तिची उशी घेऊनच बसलेल्या.

“कोठे गयथी वं पोरी? टाचणी सापडनी का?”

“सापडली.”

“मंग कोठे शे?”

“तीन आठवड्यांनी येणार आहे, बाई.” धनश्रीनं डबा उघडला. भाकरी गार झाली होती, पण तिला सपाटून भूक लागली होती. “माणूसच घेऊन येणार आहे.”

सरलाबाईंनी चष्मा वर सारला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वतःच्या पदराची एक टाचणी काढून तिच्या उशीवर खोचली.

“दहा भरल्या,” त्या म्हणाल्या. “जेव आता.”